ती नाव की ते नाव

मी एक जुनी काहील आहे. तुमच्यापैकी निम्म्यांना काहील म्हणजे काय हेच माहीत नसेल, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. उसाचा रस उकळून गूळ करायचा तर जी भली मोठी लोखंडी कढई लागते, ती काहील. माझा घेर एवढा, की चार-पाच माणसं हात पसरून उभी राहिली तरच मला कवेत घेतील. अंगाला चार कड्या, तळ जरासा खोलगट, बाहेरून धुरानं काळीठिक्कर. ही झाली माझी ओळख. पण मित्रांनो, खरं सांगू का? इतकी वर्षं झाली तरी मी नक्की कोण, हे माझं मलाच नीट कळलेलं नाही. माझी हकिकत ऐकाल तर तुम्हीही डोकं खाजवाल.

लातूरच्या गंजगोलाईजवळ एका लोहारानं मला घडवलं. पत्रा कापून, ठोकून, रिबिटं मारून त्यानं मला आकार दिला. हा पत्रा निजामाच्या काळातल्या मोडीत निघालेल्या रेल्वे इंजिनाचा आहे, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगायचा. खरं-खोटं त्यालाच ठाऊक. मी मात्र तेव्हापासून विचारात पडले. म्हणजे आधी मी रेल्वे होते की काय? शिटी वाजवत हैदराबादेला जात होते की काय? माझ्या गोंधळाची सुरुवात ही अशी भट्टीतूनच झाली.

मला विकत घेतलं ते औसा तालुक्यातल्या चिंचोडी गावच्या हणमंतरावांनी. ते गावातले मोठे शेतकरी. विहीर बागायत होती, ऊस होता आणि स्वतःचं गुऱ्हाळ होतं. बैलगाडीत उलटी घालून मला गावात नेलं, तेव्हा मागून येणाऱ्या पोरांना वाटलं की गाडीत मोठं कासव आहे. पहिल्याच दिवशी कुणी रेल्वे म्हणालं होतं, कुणी कासव. चुलवाणावर चढले आणि रस उकळू लागला, तेव्हा कुठं मला जरा हायसं वाटलं. आपण गूळ करायचा, एवढं तरी पक्कं झालं.

आठ-दहा वर्षं मी ते काम इमानानं केलं. दर हिवाळ्यात गुऱ्हाळावर पोरांची झुंबड उडायची. ऊस खायचा, गरम काकवी बोटानं चाटायची आणि जीभ भाजली की रडायचं. लोक गुळाची वाहवा करायचे, गुळव्याची करायचे, हणमंतरावांच्या उसाची करायचे. माझं नाव कुणी काढायचं नाही. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण गोड वासात दिवस जात होते, त्यामुळं मी ते मनावर घेतलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. ऊस जागेवर वाळला आणि गुऱ्हाळ बंद झालं. गावाच्या माळाखाली सरकारनं तळं खोदायचं दुष्काळी काम काढलं. शेकडो बायाबापड्या तिथं माती उपसायला येऊ लागल्या. त्यांच्या लेकरांसाठी सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड खाऊ, करायची होती आणि तेवढं मोठं भांडं गावात एकच होतं. हणमंतराव सगळ्यांसमोर म्हणाले, घेऊन जा, पडूनच आहे. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. आजही वाटतो, पुढं जे झालं ते झालं तरी.

त्या कामावर चांगुणा होती. गावाच्या खालच्या अंगाला जी बौद्ध माणसांची वस्ती आहे, तिथली. पूर्वी त्या वस्तीला जे नाव होतं ते त्या माणसांनी टाकून दिलं होतं आणि भीमनगर असं नवं नाव लावलं होतं. चांगुणा अंगानं काटकुळी, पण पाटी डोक्यावर घेतली की तिच्या पुढं कुणी जायचं नाही. तिचा नवरा नरसिंग कुदळ मारायचा. सुकडी वाटताना भीमनगरची लेकरं रांगेत शेवटी उभी केली जायची आणि बहुतेक वेळा तोवर मी रिकामी झालेली असायची. मग चांगुणा उलथनं घेऊन माझ्या तळाची खरवड काढायची आणि लेकरांच्या हातावर द्यायची. तिचं खरवडणं इतकं जोरात असायचं, की ती माझ्यावर रागावली आहे असं मला वाटायचं. ती कुणावर रागावली होती हे मला फार उशिरा समजलं.

काम संपलं, माणसं पांगली आणि मला तळ्याच्या खड्ड्यातच सोडून गेली. पुढच्या साली पाऊस बरा झाला. खड्ड्यात पाणी साचू लागलं, ते माझ्या कडेपर्यंत आलं, आणि मी मनात म्हटलं, संपलं आता. लोखंडाचा जीव, पाण्यात काय टिकणार? पण मित्रांनो, मी बुडालेच नाही! जमीन पायाखालून गेली आणि मी हलायला लागले. आयुष्यभर विस्तवावर बसलेली मी, आता पाण्यावर बसले होते. आनंद व्हावा की भीती वाटावी हे मला कळेना. वारा येईल तशी मी गरगर फिरत राहिले.

तळं भरलेलं बघायला नरसिंग आला होता. त्यानं मला पाहिलं, पाण्यात उतरला आणि माझ्यात चढून बसला. हातात एक वेळूची काठी होती. तिनं तो मला ढकलू लागला, पण माझं पडलं गोल अंग. मला ना पुढं, ना मागं. तो काठाकडं ढकलायचा आणि मी भिंगरी व्हायचे. त्याचं डोकं फिरलं, माझं तर कधीचंच फिरलं होतं. काठावरून चांगुणा पोट धरून हसत होती. चार-सहा दिवसांनी त्याला कळलं, की काठी दोन्ही अंगांनी आलटून पालटून रेटली तर काहील सरळ जाते. तळाला एका रिबिटाशी झिरपत होतं, तिथं त्यानं डांबर लावलं. हणमंतरावांनी मला परत मागितलं नाही. आता ऊस साखर कारखान्याला जात होता आणि गुऱ्हाळाची भिंतही पडली होती.

अशी मी तळ्यावर सहल घडवणारी झाले. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी यायच्या, बाजार करून औशाहून परतणारे लोक वाट वाकडी करून यायचे, शाळेची पोरं रांगेनं यायची. आणि येळवशीला तर विचारू नका. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्या लातूरकडं घरात कुणी थांबत नाही. सगळा गाव भज्जी, उंडे आणि आंबिलाची घागर घेऊन रानात जातो, आणि ज्याला रान नाही त्यालाही कुणीतरी हाताला धरून नेतं. रानात जेवणं झाली की लोक तळ्याकडं वळायचे. नरसिंग दिवसभर फेऱ्या मारायचा आणि परत आलेल्या प्रत्येक पोराला आणखी एक फेरी हवी असायची. पोरांना सरळ जायचं नसायचं, गरगर फिरायचं असायचं. माझी जी खोड होती तीच त्यांना आवडायची.

आणखी एक गंमत सांगते. माझा तळ खोलगट असल्यामुळं माझ्यात बसलेलं माणूस कडेला टिकत नाही. कितीही ऐटीत कड धरून बसा, दोन गरके झाले की सगळे घसरत घसरत मधोमध गोळा होतात. हणमंतरावांची नातवंडं, भीमनगरची पोरं, औशाच्या दुकानदाराच्या मुली, सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे. काठावर उतरले की पुन्हा आपापल्या घोळक्यात जायचे. पाण्यात एक आणि जमिनीवर दुसरं, हे काही माझ्या डोक्यात शिरायचं नाही.

मग लातूर उस्मानाबादेपासून वेगळं झालं आणि आमचा जिल्हा नवा झाला. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या, नवे शिक्के आणि नवे तक्ते. कचेरीतून चिंचोडीला एक तक्ता आला. वर लिहिलं होतं, 'कौटुंबिक सहलीस योग्य ठिकाणे'. खाली रकाने होते. ठिकाण. नाव. बसण्याची सोय. तो तक्ता भरायचं काम ग्रामसेवक ईश्वरप्पांकडं आलं. ईश्वरप्पा भला माणूस, पण घाईचा. आदल्याच आठवड्यात तहसिलातून विचारणा आली होती, की पूर आल्यास उपयोगी पडेल अशी नाव गावात आहे काय. ती नाव त्यांच्या डोक्यात अजून तरंगत होती. त्यांनी ठिकाणापुढं लिहिलं, तलाव. नावापुढं लिहिलं, काहील. आणि बसण्याची सोय या रकान्यात लिहिलं, दहा माणसे, मुले असल्यास चौदा.

कचेरीनं विचारलं होतं ते नाव. ईश्वरप्पांनी सांगितली ती नाव.

दोन महिन्यांनी जिल्ह्याची यादी छापून आली. तीत आमच्या तळ्याचं नाव होतं 'काहील तलाव'. पुढं तशी पाटीही सडकेला लागली. ईश्वरप्पांनी कपाळाला हात लावला. हणमंतराव तर फारच नाराज झाले, कारण आपल्या वडलांच्या, माणिकरावांच्या, नावानं तळ्याला माणिकसागर म्हणावं असं त्यांच्या मनात होतं आणि चावडीत त्यांनी ते दोनदा बोलूनही दाखवलं होतं. माझीच काहील आणि माझ्याच बापाचं नाव खाऊन बसली, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. चांगुणाला मात्र ही चूक मनापासून आवडली. एका माणसाचं नाव दिलं असतं तर आम्ही त्याच्या तळ्यावर गेलो असतो, आता आपल्याच तळ्यावर जातो, असं ती म्हणायची.

माझी अवस्था काय सांगू? बाहेरगावचे लोक पाटी वाचून यायचे आणि विचारायचे, काहील कुठं आहे? नरसिंग पाण्याकडं बोट दाखवायचा. मग विचारायचे, आणि ही नाव कसली? तो म्हणायचा, ही काहील. कुणी म्हणायचं, काहील ही देवी असणार. कुणी सांगायचं, फार पूर्वी एका राणीनं इथं सोन्याची काहील बुडवली. मी तिथंच, त्यांच्या बुडाखाली, हे सगळं ऐकत फिरत असायचे. तळं म्हणजे मी, की तळ्यातली ती मी? विचार करून माझ्या रिबिटांना मुंग्या यायच्या.

तरी ते दिवस फार सुखाचे होते.

नव्या जिल्ह्याला तीन-चार सालं झाली असतील आणि पाऊस पुन्हा रुसला. एक साल गेलं, दुसरं गेलं. तळ्याचं पाणी काठ सोडून आत सरकत गेलं, पाटीपासून लांब. एके दिवशी माझा तळ चिखलाला टेकला आणि मग चिखलही वाळून भेगाळला. नरसिंग पोटासाठी धर्माबादेला मिरचीच्या आडतीवर हमालीला गेला. घर आणि सासू सांभाळायला चांगुणा मागं राहिली. सहलीला येणारी माणसं पाटीपाशी थांबायची, कोरड्या तळ्याकडं बघायची आणि माघारी फिरायची. शेळ्या येऊन माझ्या सावलीला बसायच्या. मी आता गुळाची नव्हते, पाण्याची नव्हते, आणि माझ्या नावाचं तळंही राहिलं नव्हतं. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

गावाला टँकर सुरू झाला. तो हणमंतरावांच्या विहिरीत रिकामा व्हायचा, कारण विहीर सडकेला लागून होती. आणि मित्रांनो, त्या विहिरीवर काय चालायचं तेही तुम्हाला सांगायला हवं. वरच्या आळीच्या बाया पोहरे टाकून पाणी शेंदायच्या. भीमनगरच्या बाया बाजूला घागरी मांडून उभ्या राहायच्या. सगळ्यांचं भरून झालं, की हणमंतरावांच्या घरच्या धोंडाबाई, म्हणजे त्यांची बायको, त्या घागरींत वरून पाणी ओतायच्या. धोंडाबाई मनानं वाईट नव्हत्या. कधी घागर अर्धी ठेवायच्या नाहीत, कधी वेडंवाकडं बोलायच्या नाहीत. कायदा तर कधीच बदलला होता, पण विहिरीच्या काठाला ते कुणी सांगितलं नव्हतं. तक्रार केली तर हणमंतराव आश्चर्यानं विचारायचे, पाणी नाही म्हणून कुणाला परत पाठवलंय का आम्ही?

हे चांगुणाला सोसत नव्हतं. एका दुपारी ती रिकामी घागर घेऊन तळ्यात आली आणि माझ्या कडेवर बसली. बरोबर भीमनगरच्या दोघी-तिघी होत्या. मग ती त्यांना म्हणाली, "पाणी मिळंना असं न्हाई. पर मला वतलेलं नको. मला हातानं घ्यायचंय."

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या राख, वाळू आणि चिंचेचे बोळे घेऊन आल्या आणि त्यांनी मला घासायला सुरुवात केली. इतकी माझी सेवा कधी झाली नव्हती. मला वाटलं, पुन्हा गूळ लावणार. मग वाटलं, सुकडी. चांगुणाच्या मनात काय होतं ते ती ईश्वरप्पांकडं गेली तेव्हा कळलं. टँकरमधलं थोडं पाणी विहिरीत न टाकता या काहिलीत टाका, एवढंच तिचं मागणं होतं. काहील उघड्यावर, तिला काठ नाही की पायरी नाही, जो येईल तो हातानं घेईल. ईश्वरप्पा घाबरले. टँकर कागदावर लिहिलेल्या जागीच रिकामा करता येतो, आणि काहील तर हणमंतरावांच्या मालकीची आहे, असं म्हणून त्यांनी हात वर केले.

ही गोष्ट हणमंतरावांच्या कानावर गेली. त्यांनी निरोप धाडला, की येत्या रविवारी काहील घरी आणायची आहे, जनावरांना पाणी पाजायला लागते. आता यावर कोण काय बोलणार? त्यांनीच मला विकत आणलं होतं. मालक ते, हे खरं. तळ्यावर मला इतकी वर्षं जपलं ते नरसिंग आणि चांगुणानं, हेही खरं. दोन खऱ्यांच्या मध्ये सापडलेल्या काहिलीनं काय करावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी सकाळी बैलगाडी आली, चार गडी आले, दोर आले. हणमंतराव स्वतः आले. बघतात तो चांगुणा माझ्यात मधोमध मांडी घालून बसलेली, आणि तिच्याभोवती आणखी सात-आठ बाया. गड्यांनी दोर कड्यांना बांधले आणि हणमंतरावांकडं पाहिलं. बायांना उतरा म्हणून ते दोनदा म्हणाले. कुणी उतरलं नाही. ओढायचा हुकूम द्यावा तर बाया आत, आणि माघारी जावं तर सगळा गाव बघत होता. अशा वेळी सडकेकडून एक जीप धूळ उडवत तळ्यात उतरली.

जीपमधून उतरले ते जिल्ह्याच्या कचेरीतले बसवराज साहेब, त्यांची बायको आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. साहेबांच्या हातात सतरंजी, बायकोच्या हातात जेवणाचा डबा आणि मुलीच्या हातात रबरी चेंडू. सहलीच्या ठिकाणांची ती यादी याच साहेबांनी केली होती, आणि सगळी ठिकाणं बसल्या जागी लिहिली असल्यामुळं एकही पाहिलेलं नव्हतं. रविवारची सुट्टी म्हणून ते घरच्यांना घेऊन काहील तलाव बघायला आले होते. दुष्काळ होता हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्या साली कचेरीतल्या सगळ्यांच्याच गळ्यात टंचाईचं काम पडलं होतं आणि टँकरचे हुकूम त्यांच्याच सहीनं निघायचे. पण आपण यादीत लिहिलेलं तळं आटू शकतं, हे काही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

मुलीनं विचारलं, तळं कुठं आहे? साहेबांनी चहूकडं पाहिलं. भेगाळलेली जमीन, बैलगाडी, दोर, आणि कढईत बसलेल्या नऊ बाया. मुलीचं तोंड एवढंसं झालं. ते पाहून चांगुणा उठली, तिनं मुलीला हाताला धरून माझ्यात घेतलं आणि बायांना खुणावलं. त्या खाली उतरल्या, त्यांनी माझ्या कडा धरल्या आणि मला जागच्या जागी फिरवलं. माझा खोलगट तळ कोरड्या मातीवर करकरला आणि मी गरगर फिरले. मुलगी खदखदून हसली. मग साहेबांच्या बायकोलाही बसावंसं वाटलं. हणमंतरावांचे गडीही दोर सोडून हात लावायला आले. मी काय सांगू, त्या दोन मिनिटांत मला पाण्याची आठवण झाली नाही.

हणमंतरावांनी संधी साधली. साहेबांना बाजूला घेऊन त्यांनी सगळं समजावलं. तळं सरकारचं आहे, ते मी मागत नाही. काहील माझी आहे, ती मी नेतो आहे. आणि नावातली ती चूकही यानिमित्तानं दुरुस्त करा, माणिकसागर लिहा. बोलणं मुद्देसूद होतं. साहेबांनी मान हलवली आणि खिशातून यादी काढली. मला वाटलं, झालं आता, गोठ्यात जायची तयारी करावी.

तेवढ्यात चांगुणा पुढं झाली. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या यादीत काय आहे ते तिनं ईश्वरप्पांकडून कितीदा तरी ऐकलं होतं.

"सायेब," ती म्हणाली, "तुमच्या कागदावर ह्या तळ्याचं नाव काय हाय?"

"काहील," साहेब म्हणाले.

"अन् त्यात दहा माणसं बसतेत, लेकरं असली तर चौदा, असं लिवलंय का न्हाई?"

साहेबांनी वाचून पाहिलं. लिहिलेलं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

"मंग तुमच्या कागदावर तळं अन् काहील येकच हाय. काहील नेली तर सरकारी तळं नेल्यावाणी व्हतंय. सरकारी तळं कुणाला गाडीत घालून घरी नेता येतंय का, तेवढं मालकाला सांगा. अन् तळं हाय म्हनलं की त्यात पाणी टाकायला काय अडचण हाय?"

कुणीतरी मागून फिसकन हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. ते फार गंभीर होऊन विचार करू लागले. चूक दुरुस्त करायची म्हणजे आधी ती झाली असं लिहून द्यावं लागणार. मग छापील यादी बदला, पाटी बदला, वर कळवा, आणि दहा माणसं बसणारं तळं मंजूर कुणी केलं या प्रश्नाला उत्तर द्या. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी जीपमधल्या फायलीतून कागद काढून बोनेटवर ठेवला आणि टँकरच्या हुकमात एक ओळ वाढवली: 'पैकी एक हिस्सा पाणी काहील तलावात सोडणे.' खाली सही केली. चूक तशीच राहिली आणि काम झालं.

हणमंतरावांनी तो कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं, चांगुणाकडं पाहिलं. त्यांना राग आला होता की हसू, ते मला ओळखता आलं नाही. त्यांनी गड्यांना दोर सोडायला सांगितलं आणि गाडीच्या मागून चालत गावाकडं गेले.

मंगळवारी टँकर तळ्यात उतरला. आधी मी रसानं भरले होते, मग सुकडीनं, मग माणसांनी. आणि तळ्यातल्या पाण्यावर इतकी वर्षं काढूनही मी पाण्यानं कधी भरले नव्हते. चांगुणा सगळ्यांच्या पुढं होती. घागर बुडवायच्या आधी तिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तसाच राहू दिला. मागं रांग होती, पण तिला कुणी घाई केली नाही. मग तिनं घागर बुडवली, भरली आणि डोक्यावर घेऊन चालू लागली. मला रडता येत असतं तर त्या दिवशी मी रडले असते.

उन्हाळा तापत गेला. हणमंतरावांच्या विहिरीचा खडक इतका तहानला होता, की टाकलेलं पाणी शेंदून होईपर्यंत तळाला जिरून जायचं. मग सगळाच टँकर माझ्याकडं येऊ लागला. मी भरायचे, बाया उपसायच्या, मी पुन्हा भरायचे. वरच्या आळीच्या बाया आधी आल्या नाहीत. नंतर एकेक करून आल्या.

एका सकाळी धोंडाबाई आल्या. एकट्याच होत्या. त्यांनी घागर खाली ठेवली आणि दोन पावलं लांब उभ्या राहिल्या. चांगुणा भरत होती. तिनं वर पाहिलं.

"थांबलाव कामून, मालकीणबाई?"

"तू वत की," धोंडाबाई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, हितं तू वततीस."

चांगुणानं धोंडाबाईंच्या घागरीकडं पाहिलं. त्या घागरीत वरून पाणी ओतायची संधी तिच्यासमोर होती आणि तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते मी सांगू शकत नाही. मग ती कडेला सरकली आणि तिनं आपल्या शेजारी जागा केली.

"हितं कुणी कुणाला वतत न्हाई," ती म्हणाली. "हातानं घ्या."

धोंडाबाई वाकल्या. दोघींच्या घागरी एकदमच पाण्यात बुडाल्या आणि पाणी माझ्या दोन्ही कडांना जाऊन लागलं.

मित्रांनो, मी नाव आहे, तळं आहे की नुसती कढई, ते मला अजूनही उमगलेलं नाही, आणि आता मी फार विचारही करत नाही. तुम्ही आईवडलांबरोबर सहलीला जाल तेव्हा आमच्यासारख्या लहानशा तळ्यावर जरूर या. पाणी असलं तर खेळा, नसलं तर नाक मुरडून माघारी फिरू नका, कारण ते तळं कुणाच्या तरी डोक्यावरच्या पाटीतून झालेलं असतं. जुनं भांडं दिसलं तर त्यात कचरा टाकू नका. आणि तहान लागली, तर कुणी ओतेल म्हणून थांबू नका. वाका आणि हातानं घ्या. शेजारी कुणी उभं असेल, तर त्याच्यासाठी थोडं सरका.